साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाश

२०२१ च्या उन्हाळ्यात मी एक उद्योग केला. दुसरी लाट नुकतीच ओसरत होती, ऑफिस घरातल्या डायनिंग टेबलावर आलं होतं आणि शनिवार-रविवारी करायला काहीच नव्हतं. अशात तरुणांसाठी धोरण-संशोधनाचा एक ऑनलाईन कार्यक्रम दिसला. विषय होता, महामारीनंतर सावरणं. आठ वीकेंड, दोन-दोन तासांची लेक्चरं आणि शेवटी एक निबंध. इंजिनिअरिंगनंतर मी निबंध या प्रकाराच्या वाटेला गेलो नव्हतो. पण म्हटलं, बघू तर खरं.

निबंधासाठी एक जुनी साथ निवडायची होती आणि तिच्यातून सावरायला किती वर्षं लागली ते मोजायचं होतं. मी मुंबईचा प्लेग घेतला. याचं श्रेय अभ्यासाला नाही, आजोबांना. ते माझगावच्या बीआयटी चाळीत वाढले. लहानपणी मला वाटायचं, बीआयटी म्हणजे एखादं इंजिनिअरिंग कॉलेज असावं! बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हे त्या अक्षरांचं पूर्ण नाव मला थेट त्या उन्हाळ्यात कळलं. आणि हा ट्रस्ट प्लेगमुळे जन्मला, हेही तेव्हाच.

शाळेच्या पुस्तकात प्लेग म्हणजे पुणे, रँड आणि चापेकर बंधू. २२ जून १८९७, गणेशखिंड. फार तर प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना मार्च १८९७ मध्ये गेलेल्या सावित्रीबाई. पुढे काय झालं, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि परीक्षेतही आलं नाही.

तर सुरुवातीपासून सांगतो. सप्टेंबर १८९६. मांडवी भागात, बंदरालगतच्या गोदामांच्या आणि धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा ब्युबॉनिक प्लेग असल्याचं ओळखलं. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. मी त्याच्या समोरून शंभर वेळा तरी गेलो असेन, नाव कधी वाचलं नव्हतं.

मग जे झालं ते वाचताना अंगावर काटा येतो, कारण ते आपण पाहिलंय. पालिकेने घरं तपासून रुग्णांना सक्तीने हलवायचे अधिकार घेतले. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आज ते कस्तुरबा रुग्णालय आहे. २०२० मध्ये मुंबईतले पहिले कोविड रुग्ण तिथेच ठेवले होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. हाच कायदा राज्यांनी मार्च २०२० मध्ये पुन्हा काढला. माणसं मिळेल त्या गाडीने गावी निघाली. सव्वाआठ लाखांच्या मुंबईतली जवळजवळ निम्मी माणसं त्या हिवाळ्यात शहर सोडून गेली होती.

एक फरक मात्र आहे. गिरण्या चालू ठेवायच्या होत्या आणि कामगार तर गायब. त्यामुळे मागे राहिलेल्यांचा भाव वाढला. महिन्याचा पगार आणि तोही उशिरा देणारे मालक रोजच्या रोज मजुरी चुकती करायला लागले. नाक्यानाक्यावर कामगारांसाठी बोली लागायची. प्लेगने काही महिने का होईना, मजुराला वाटाघाट करायची ताकद दिली. अर्थात माणसं परतली तशी ती ताकदही गेली.

आता माझ्या निबंधाकडे येतो. मी सरळ एक आलेख काढला. १८९१ च्या जनगणनेत मुंबई सुमारे ८ लाख २२ हजार. १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजार. १९०६ मध्ये शहराची वेगळी गणना झाली, तेव्हा ९ लाख ७८ हजार. म्हणजे दहा वर्षांत शहर सावरलं, वर वाढलंसुद्धा. सुंदर आलेख, मी खूश. आमच्या गटाला मार्गदर्शन करणाऱ्या बाईंनी आलेख पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "हे लोक राहत कुठे होते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. टेस्ट केस पास झाली होती, पण टेस्टच चुकीची लिहिली होती.

मग पुढचे चार वीकेंड मी ट्रस्टच्या मागे लागलो. १८९८ मध्ये खास कायदा करून तो स्थापन झाला. तेव्हाच्या बहुतेक अधिकाऱ्यांना वाटायचं की रोगाचं मूळ दमट, अंधाऱ्या, कोंदट घरांत आहे. त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे दाखवलं, पण त्यांचं म्हणणं मान्य व्हायला कित्येक वर्षं गेली. तोवर इलाज ठरला होता: दाट वस्ती फोडा, रुंद रस्ते काढा, समुद्राचा वारा आत येऊ द्या. नागपाडा पाडून नव्याने आखला. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड वस्त्या चिरून काढले. उत्तरेला दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर प्लॉट पाडले. आजची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाईव्ह गार्डन्स ही त्या आखणीची देणगी. तिथली झाडं आणि फुटपाथ पाहून आपण "काय जुनी मुंबई होती!" म्हणतो, ती खरं तर प्लेगनंतरची मुंबई आहे.

मग ज्यांची घरं पाडली ते कुठे गेले? बरेचसे शेजारच्याच वस्तीत शिरले. तिथली गर्दी वाढली, भाडी वाढली. ट्रस्टने चाळी बांधल्या हे खरं. आजोबा अशाच चाळीत वाढले, आणि परळच्या बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर कित्येक वर्षं राहिले. पण ट्रस्टच्या पहिल्या वीसेक वर्षांत पाडलेल्या खोल्या जास्त आणि बांधलेल्या कमी, असा हिशोब निघतो. ट्रस्टवर सरकार, महापालिका, व्यापारी, गिरणीमालक आणि बंदर यांचे प्रतिनिधी होते. भाडेकरूसाठी वेगळी खुर्ची नव्हती. आवश्यकता गोळा करताना वापरणाऱ्यालाच विचारलं नाही, तर सॉफ्टवेअरचं जे होतं तेच शहराचं झालं.

इथे थांबून ट्रस्टला शिव्या घालणं सोपं होतं. पण मग मला साडेत्रेसष्ट अंश सापडले.

जे. पी. ऑर हे पुढे ट्रस्टचे चेअरमन झाले. त्यांनी एका नियमाचा ध्यासच घेतला होता. खोलीच्या खिडकीसमोर दुसरी इमारत असेल तर तिच्या माथ्यापर्यंतची रेघ जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. सोप्या मराठीत, दोन इमारतींमधली मोकळी जागा जेवढी, त्याच्या दुप्पट उंचीपर्यंतच बांधा. त्याहून उंच गेलात तर तळमजल्यावर आकाश पोचत नाही. इंजिनिअर माणूस म्हणून मला हे फार आवडलं. उंदीर आणि पिसवा यांच्याशी या कोनाचा काही संबंध नाही. प्लेगचं निदान चुकलं होतं. पण खोलीत उजेड यावा हा आग्रह चुकीचा नव्हता, क्षयासारख्या रोगासाठी तर नव्हताच.

आणि मला आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचं घर आठवलं. पहिल्या लॉकडाऊननंतर एकदा त्यांना गाडीने घरी सोडायला गेलो होतो. झोपडी जाऊन मिळालेली इमारत, तळमजला, २२५ चौरस फुटांची खोली. दुपारचे बारा वाजले होते आणि ट्यूबलाईट लावलेली. मी म्हटलं, मावशी, दिवसा कशाला? त्या म्हणाल्या, "दिवस बाहेर असतो दादा, आत नाही." त्यांच्या मुलाचं टीबीचं औषध सहा महिने चाललं होतं. खिडकी उघडली की हात लांब करून शेजारच्या इमारतीला जवळजवळ टेकता येईल, एवढंच अंतर.

गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींवर डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी अभ्यास केला होता. क्षयरोग आणि घरात न पोचणारा उजेड-वारा यांचा संबंध त्यात दाखवलाय. तिथे दोन इमारतींमधलं अंतर ३ मीटरपर्यंत खाली आलेलं. ऑरसाहेबांच्या नियमाने ३ मीटरला ६ मीटर उंची, म्हणजे जेमतेम दोन मजले. तिथे सात-आठ मजले उभे आहेत. २३ मीटर उंची धरली तर अंतर साडेअकरा मीटर हवं. हे गणित नववीतला मुलगाही करेल. नियम शंभर वर्षांपूर्वी याच शहरात कागदावर होता.

जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांना कोविड होऊन गेला होता, बाहेर १६ टक्क्यांना. त्या तीनपैकी एक वॉर्ड माटुंग्याचा, म्हणजे ट्रस्टने प्लेगनंतर आखला त्याच भागाचा. रुंद रस्ते कुणाच्या वाट्याला आले आणि गर्दी कुणाच्या, याचं उत्तर याहून स्पष्ट कसं मिळणार?

निबंध मी पुन्हा लिहिला. आलेख ठेवला, पण खाली दुसरा प्रश्न घातला: सावरलं ते कोण? लोकसंख्या दहा वर्षांत भरून आली. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. खोलीतल्या उजेडाचं काम मात्र अजून बाकी आहे.

असो. मावशींचा मुलगा आता बरा आहे, कुरिअर कंपनीत लागलाय. खोली तीच आहे. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा कार्पेट एरियाबरोबर समोरच्या इमारतीची उंची आणि अंतरही विचारा, दुप्पट-निम्म्याचं गणित तिथल्या तिथे करा. आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्यांना एकदा सहज विचारून पाहा, दुपारी बारा वाजता त्यांच्या घरात दिवा लावावा लागतो का.