‘परदेशी’ आणि ‘परकीय’ : मुदतबाह्य वास्तव्य व प्रवेशबंदी यांचा भिवंडीच्या संदर्भात विचार

जुन्या मराठीत ‘परदेशी’ या शब्दाचा रूढ अर्थ ‘हिंदुस्थानाबाहेरचा’ असा नव्हता. उत्तर हिंदुस्थानातून येऊन महाराष्ट्रात राहिलेल्या माणसास परदेशी म्हणत. पुढे ते आडनावही झाले. भिवंडीच्या इतिहासात या अर्थाला विशेष महत्त्व आहे. १८५७ च्या उठावानंतर आजच्या उत्तर प्रदेशातील मोमीन विणकरांची कुटुंबे येथे येऊ लागली व त्यांच्या मागावर हे गाव वाढले. त्यांच्या आधीपासून येथे कोकणी मुसलमानांची वस्ती होती आणि त्यांची घरची बोली मराठीच्याच कुळातील होती. लोकभाषेच्या हिशेबाने विणकर परदेशी आणि कोकणी मुसलमान देशी ठरत. विसाव्या शतकाच्या मध्यास कायद्याने ‘परकीय’ ही निराळीच कोटी पुढे आणली व हा हिशेब पार बदलला.

१ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुंबईहून आगबोटीने कराचीस जाणे म्हणजे एकाच प्रांतातील एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणे होय. कराचीत कोकणी मुसलमानांची वस्ती झाली ती याच दळणवळणातून. फाळणीनंतर या वाटेवर सीमा उभी राहिली. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी जुलै १९४८ मध्ये परवान्याची पद्धत सुरू झाली. परवाना तात्पुरत्या भेटीचा की कायमच्या परतीचा, यावर पुढील सर्व अवलंबून राहिले. संविधानाच्या ७ व्या अनुच्छेदाने हाच भेद नागरिकत्वाचा निकष केला. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेला मनुष्य कायमच्या परतीच्या परवान्यावाचून भारताचा नागरिक मानला जाणार नव्हता.

१९४९ च्या पाकिस्तानातून येणाऱ्या लोंढ्याच्या नियंत्रणाच्या कायद्याने यापुढचे पाऊल टाकले. परवान्याच्या अटींचा भंग केल्याचा नुसता वाजवी संशय असला तरी, त्या माणसास देशाबाहेर घालविण्याचा अधिकार ७ व्या कलमाने सरकारला दिला. इब्राहिम वजीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम नागरिकांपुरते रद्दबातल ठरविले. परवान्याचा भंग हा दंडनीय गुन्हा असू शकेल, परंतु तेवढ्यावरून नागरिकास स्वदेशाबाहेर घालविणे हे वास्तव्याच्या मूलभूत हक्काचा नाश करणे होय, असा निवाड्याचा आशय आहे. मुळात परवानापद्धती ऑक्टोबर १९५२ मध्येच संपली होती व तिची जागा पारपत्र आणि व्हिसा यांनी घेतली होती.

व्हिसाच्या काळातील पेच प्रामुख्याने व्याख्येचा आहे. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या मूळ व्याख्येत जन्माने ब्रिटिश प्रजाजन असलेला मनुष्य ‘परकीय’ नव्हता. फाळणीपूर्वी ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेला मनुष्य पाकिस्तानी पारपत्र घेऊन आला, तरी या व्याख्येने तो परकीय ठरत नसे. फिदा हुसेन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९६१ च्या निवाड्यातील आरोपी १९५३ मध्ये असाच आला आणि व्हिसाची मुदत संपल्यावरही राहिला. प्रवेशसमयी तो परकीय नव्हता, म्हणून परकीयांसाठी केलेल्या आदेशाचा भंग त्याच्याकडून झाला नाही, असे न्यायालयाने ठरविले. तोवर विधिमंडळाने व्याख्या बदलली होती. १९ जानेवारी १९५७ पासून जो भारताचा नागरिक नाही तो परकीय, असा सरळ अर्थ झाला. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार ९ व्या कलमाने त्या माणसावरच ठेवला होता.

शिक्षा व प्रवेशबंदी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. शिक्षा न्यायालय देते व तिला कमाल मर्यादा असते. प्रवेशबंदी ही शासनाच्या आदेशाची बाब आहे. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याने १८० दिवसांहून अधिक मुदतबाह्य वास्तव्यास ३ वर्षे व वर्षभर किंवा त्याहून अधिक वास्तव्यास १० वर्षे बंदी ठरवून दिली. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशाप्रमाणे ती सामान्यतः ५ वर्षांपुढे जात नाही. १९४६ च्या भारतीय कायद्याने मात्र परकीयांचा प्रवेश ‘निषिद्ध, नियमित वा मर्यादित’ करण्याचा व्यापक अधिकार केंद्र सरकारला दिला, पण मुदतबाह्य वास्तव्याबद्दलच्या बंदीची कालमर्यादा सांगितली नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन नवा आप्रवासन व परकीय नागरिक कायदा लागू झाला. त्यात मुदतबाह्य वास्तव्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ३ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सिद्धतेचा भार पूर्ववतच आहे.

तात्पर्य, ‘परदेशी’ हा शब्द माणूस कोठून आला ते सांगे आणि काही पिढ्यांनी आडनाव होऊन निरुपद्रवी होई. ‘परकीय’ हा शब्द कागदावर ठरतो आणि कालांतराने सौम्य होत नाही. भिवंडीत परदेशी म्हणून आलेल्या विणकराचा नातू नागरिक झाला. कोकणातून कराचीस गेलेल्याचा नातू मराठी वळणाची बोली बोलत असला, तरी आजोळी येताना त्याला व्हिसाच्या शिक्क्यावरील तारीख पाहावी लागते. भाषेने ज्याला आपले म्हटले त्याला कायद्याने परके म्हणावे, हा विरोध फाळणीच्या सामाजिक इतिहासाचा एक अभ्यसनीय भाग आहे. तो केवळ विधिग्रंथांतून उलगडणार नाही. त्यासाठी बोलींच्या व कुटुंबांच्या इतिहासाकडेही वळले पाहिजे.