पाण्याखालचा नेम : भालाबंदूक, तिची बांधणी आणि रत्नागिरीचा समुद्र

कोकणात मासा मिळवण्याच्या रीती अनेक आहेत. रापण ओढली जाते, डोल बांधली जाते, खाडीत पाग फेकला जातो. कातळावर बसून गरी टाकणाऱ्या हौशी मंडळींचा तर किनाऱ्यावरील प्रत्येक गावात एक गोतावळा असतो. या सर्व रीतींमध्ये मासा पाण्याखाली असतो आणि माणूस पाण्याच्या वर. भालाबंदुकीच्या शिकारीत मात्र माणूस श्वास रोखून माशाच्या मुलखात उतरतो, त्याला डोळ्यांनी पाहतो, निवडतो आणि मगच नेम धरतो. जगभर ‘स्पीअरफिशिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या छंदाचे आकर्षण या निवडीत आहे आणि त्याची जबाबदारीही तेथेच आहे.

भूमध्य समुद्रातील उगम

भाल्याने मासा टिपणे ही मानवाची फार जुनी विद्या आहे. बंदुकीतून सुटणारा भाला मात्र विसाव्या शतकातील. १९३० च्या दशकात फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर पोहण्याचा चष्मा लावून मासे टिपण्याचा छंद फोफावला. अमेरिकन लेखक गाय गिलपॅट्रिक यांनी १९३८ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्याच काळात स्प्रिंगवर आणि नंतर रबरावर चालणाऱ्या बंदुका आल्या. १९४३ मध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे ‘ॲक्वालंग’ हे उपकरण तयार केले. तरीही या खेळाने एका श्वासाचीच मर्यादा पाळली. १९५७ मध्ये तत्कालीन युगोस्लाव्हियात पहिली जागतिक स्पर्धा झाली. फ्रान्स, इटली व स्पेनसह अनेक देशांत हवेचे नळकांडे पाठीवर घेऊन अशी शिकार करण्यास बंदी आहे. माशाला पळण्याची संधी उरावी, हा त्यामागील साधा न्याय.

बंदूक चालते कशी?

नाव बंदूक असले तरी यात दारू नसते. हवेच्या दाबावर चालणारा एक प्रकार आहे. परंतु घरी बदल करण्यास सोपा आणि दुरुस्तीला सुलभ असतो तो रबरी पट्ट्यांचा प्रकार. त्याची रचना गलोलीची आठवण करून देणारी. लाकडाचा, ॲल्युमिनियमचा किंवा कार्बन तंतूंचा लांब दांडा, मागे मूठ व घोडा, पुढे तोंडाशी अडकवलेले लेटेक्सचे जाड पट्टे आणि दांड्यावर आडवी ठेवलेली पोलादी सळई, म्हणजेच भाला. पट्टे ताणून सळईच्या खाचेत अडकवले की बंदूक भरली. घोडा दाबताच सळई सुटते. तिच्या टोकाजवळील पाते माशाच्या शरीरापलीकडे उघडते आणि मासा निसटत नाही. सळई दोरीने बंदुकीला बांधलेली असते.

बांधणीतील हिशेब

स्वतःची बंदूक जुळवताना पहिला प्रश्न लांबीचा. रत्नागिरी परिसरात त्याचे उत्तर बाजारातील आकर्षक वस्तू देत नाही, समुद्र देतो. भाट्याला काजळी, जयगडला शास्त्री, पूर्णगडला मुचकुंदी आणि दाभोळला वाशिष्ठी अशा नद्या खाड्यांतून गाळ घेऊन समुद्राला मिळतात. पावसाळ्यात पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नसतो. पाणी निवळते ते हिवाळ्यात, आणि तेव्हाही चांगल्या दिवशी नजर जेमतेम काही मीटरच पोहोचते. मालदीवच्या नितळ पाण्यासाठी बनवलेली १२० ते १३० सेंटिमीटरची बंदूक येथे अडचणच ठरते. मासा दिसेपर्यंत तो बंदुकीच्या टोकापाशी आलेला असतो आणि कातळाच्या कपारीत एवढी लांब नळी वळवताही येत नाही. ७५ ते ९० सेंटिमीटरची बंदूक अशा पाण्याला शोभते.

दुसरा हिशेब रबराचा. पट्टा त्याच्या मूळ लांबीच्या सुमारे तीन ते साडेतीन पट ताणला जावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. बंदुकीच्या तोंडापासून सळईच्या खाचेपर्यंतचे अंतर ८४ सेंटिमीटर असेल, तर साडेतीनने भागून प्रत्येक बाजूस २४ सेंटिमीटर रबर येते. त्याहून आखूड पट्टा लावला तर जोर वाढतो, पण झटकाही वाढतो आणि नेम उडतो. आखूड पल्ल्यासाठी १४ ते १६ मिलिमीटर जाडीचा एक पट्टा व साडेसहा ते सात मिलिमीटरची सळई पुरेशी असते. लेटेक्सला ऊन आणि तेल सोसत नाही. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवलेला पट्टा अधिक काळ टिकतो. त्यावर बारीक चिरा दिसू लागताच तो बदलावा.

तिसरा हिशेब तरंगण्याचा. लाकडी दांड्यासाठी सागवान उत्तम. होड्यांच्या बांधणीमुळे कोकणातील सुतारांच्या हाताला ते परिचित आहे. एकाच ओंडक्यातून दांडा कापण्याऐवजी तीन किंवा पाच पट्ट्या, त्यांचे तंतू उलटसुलट दिशेने ठेवून, इपॉक्सीने चिकटवल्या तर खाऱ्या पाण्यात लाकूड वाकत नाही. सळईसह बंदूक पाण्यात जवळजवळ स्थिर राहावी आणि सळई सुटल्यावर तरंगावी. त्यासाठी दांड्यात शिशाचे लहान तुकडे बसवून बादलीत किंवा विहिरीच्या पाण्यात चाचणी घेता येते. मूठ आपल्या पंजाच्या मापाने घासून घ्यावी. घोड्याची अंतर्गत यंत्रणा मात्र घरी बनवू नये. ताणलेल्या रबराचा सारा भार तिच्या एका लहानशा खिट्टीवर असतो. ती निसटली तर भाला मासा आणि माणूस असा भेद करत नाही.

जीवावरचे धोके

या छंदातील सर्वांत मोठा शत्रू शार्क नाही, स्वतःचा श्वास आहे. बुडी मारण्यापूर्वी जोरजोरात श्वास घेतल्याने प्राणवायू फारसा वाढत नाही. कर्बवायू मात्र कमी होतो आणि श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा जागते. वर येताना पाण्याचा दाब घटतो, फुप्फुसातील प्राणवायूचा दाबही एकदम खाली येतो आणि शेवटच्या काही मीटरमध्ये, पृष्ठभाग समोर दिसत असताना, शुद्ध हरपते. अशा वेळी वर लक्ष ठेवणारा जोडीदार नसेल तर उत्तम पोहणाराही वाचत नाही. म्हणून एक जण खाली, एक जण वर, हा नियम कधीही मोडू नये.

बंदूक पाण्यातच भरावी आणि पाण्यातच रिकामी करावी. होडीत किंवा पुळणीवर भरलेली बंदूक हाती असणे हा अक्षम्य निष्काळजीपणा होय. गढूळ पाण्यात जे स्पष्ट दिसत नाही त्यावर घोडा दाबू नये. समोरची सावली जोडीदाराचीही असू शकते. मुखवट्यातून पाहताना वस्तू प्रत्यक्षाहून सुमारे एकचतुर्थांश जवळ भासते, हेही ध्यानात असावे. कातळावर तुटून अडकलेली जुनी जाळी हा आणखी एक सापळा. त्यासाठी पायाला किंवा पट्ट्याला धारदार सुरी हवी. वर रंगीत तरंगती खूण ठेवल्यास होडीवाल्यांना खाली माणूस असल्याचे कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीला प्रवाह मंद आणि पाणी तुलनेने स्वच्छ असते.

कायदा काय पाहतो?

महाराष्ट्रातील समुद्री मासेमारीचे नियमन १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमानुसार होते. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली समुद्री कासवे, प्रवाळ, समुद्रघोडा, देवमुशी (व्हेल शार्क) आणि महाकाय गोबरा यांना संरक्षण आहे. शेजारच्या सिंधुदुर्गात १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य आहे; तेथे भाला घेऊन उतरण्याचा विचारही नको. पाण्यात उतरण्यापूर्वी रत्नागिरीतील मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात आणि परदेशातून बंदूक मागवण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाकडे चौकशी करणे शहाणपणाचे. मच्छीमारांच्या मांडलेल्या जाळ्यांपासून दूर राहणे हा कायद्याइतकाच सौजन्याचा भाग आहे. ज्यांच्या चुली या समुद्रावर पेटतात, त्यांच्या वाटेत हौसेने येऊ नये.

कोणता मासा सोडावा?

जाळ्याला निवड करता येत नाही, भाल्याला येते, असे या छंदाचे समर्थन केले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. बांगडा-तारलीसारखे मासे थव्याने फिरतात. कपारीतला गोबरा मात्र वर्षानुवर्षे आपली जागा धरून राहतो. गोबऱ्याच्या अनेक जाती मादी म्हणून वयात येतात आणि त्यांतील काही पुढे मोठे झाल्यावर नर होतात. शिकाऱ्याचे मन साहजिकच सर्वांत मोठ्या माशाकडे धावते. असे मोठे मासे एकामागून एक गेले की त्या कातळावर माद्या उरतात आणि नर दुर्मीळ होतात. एक-दोन हौशी माणसेही काही मोसमांत एखादी कपार ओस पाडू शकतात. अंडी पोटाशी बाळगणाऱ्या शेवंडीबाबतही हाच संयम हवा.

इटलीत हौशी शिकाऱ्याला एका दिवसात साधारण पाच किलो माशांची मर्यादा आहे. तेथे सूर्यास्तानंतर शिकार करता येत नाही आणि सोळा वर्षांखालील मुलांना भालाबंदूक वापरता येत नाही. आपल्याकडील शिकाऱ्याने अशी मर्यादा स्वतःच घालून घेणे कठीण नाही. घरच्या कालवणापुरते एक-दोन मासे, तेही ओळखलेले आणि पुरेशा आकाराचे, हे प्रमाण पुरेसे आहे.

नव्याने वळणाऱ्याने प्रथम बंदूक विकत घेऊ नये. आधी जोडीदार शोधावा, मुखवटा आणि फिन वापरण्याचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे. मग एक मोसम केवळ पाहण्यासाठी उतरावे. कोणता मासा कोणत्या कपारीत राहतो, भरतीला कोठे जातो, हे कळू लागले की किती लांबीची बंदूक हवी याचे उत्तर आपोआप मिळते. बंदूक नको, पाहणेच पुरे, असेही काहींना तेव्हा वाटू शकते.