मोरसला गेलेली माणसं

मोरस म्हणजे मॉरिशस. तिथे मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरखान्यात हिंदुस्थानातून गेलेल्या करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या आहेत. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा, जहाज; एका माणसाला एक ओळ. मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याचा माणूस तिथे 'रत्नागिरी'खाली शोधावा लागतो, कारण सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. सावंतवाडी तर हे मजूर गेले तेव्हा संस्थान. तिकडच्या माणसाचा शोध वेगळा. शिवाय गावाचं नाव परक्या कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं रोमन लिपीत उतरलेलं. कोकणात एकाच नावाची गावं किती, हे कोकणी माणसाला सांगायला नको.

या माणसांबद्दल वर्तमानपत्रांनी काय छापलं, हे शोधू लागलं की अडचण आणखी वाढते. मॉरिशसला मजूर नेण्याची पहिली लाट १८३४ ते १८३९ची. याच काळात 'दर्पण' हे वृत्तपत्र निघत होतं. ६ जानेवारी १८३२ला ते सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे. पण आजचा 'मानवी तस्करी' हा मथळा मनात धरून तेव्हाची पत्रं चाळण्यात अर्थ नाही. तिथे शोधायचं ते जहाजांच्या ये-जा याद्यांत आणि सरकारी जाहिरातींत. नोंदवहीतून जहाजाचं नाव आणि पोर्ट लुईसला पोचल्याची तारीख घ्यायची, प्रवासाचे आठवडे वजा करायचे आणि मुंबईचे त्या सुमाराचे अंक उघडायचे. जहाज सापडतं, कप्तान सापडतो. उतारू मात्र बहुधा नुसता आकडा असतो.

कॅरिबियनचं उलट झालं. जानेवारी १८३८मध्ये कलकत्त्याहून 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही जहाजं सुमारे चारशे मजूर घेऊन ब्रिटिश गयानातल्या डेमेराराला निघाली. इतक्या थोड्या माणसांवर लंडनमध्ये गदारोळ उठला, कारण गुलामगिरीविरोधी मंडळींचे जॉन स्कोबल डेमेराराला जाऊन मळे पाहून आले आणि त्यांच्या हाताशी 'ब्रिटिश इमॅन्सिपेटर' हे पत्र होतं. मॉरिशसला त्याच सुमारास याच्या कितीतरी पट माणसं उतरत होती. तेव्हा बातम्यांची संख्या मोजून अन्यायाचं माप काढणाऱ्या संशोधकानं जरा जपून असावं. बातमी तिथे झाली जिथे छापणारा आधीच तयार होता.

१८३९मध्ये हिंदुस्थान सरकारनं ही मजूरभरती थांबवली. कलकत्त्याच्या चौकशी समितीच्या बहुमतानं १८४०मध्ये फसवणूक झाल्याचं नोंदवलं, तरी १८४२च्या कायद्यानं मॉरिशसची वाट कलकत्ता, मद्रास आणि मुंबईहून पुन्हा खुली झाली. गेलेला प्रत्येक जण फसवून नेला, असंही म्हणता येत नाही. कर्ज, दुष्काळ, घरातलं भांडण यांनीही माणूस घर सोडतो.

मात्र फसवणूक झालीच असेल, तर ती कुठे झाली असेल? राजीखुशीनं जातोस का, हा प्रश्न सरकारी अंमलदार मुंबई बंदरात विचारी. मालवणहून मुंबईपर्यंतचा प्रवास गलबतानं, किनाऱ्याकिनाऱ्यानं. त्याआधी गावात कोणी काय कबूल केलं, उचल किती दिली, मोरस किती लांब म्हणून सांगितलं, हे विचारायला तिथे कोणी अंमलदार नव्हता आणि बातमीदारही नव्हता. कागद सुरू होतो तो मुंबईत, करार झाल्यावर.