सिस्टीम कॉलचे त्रुटी-परतावे : लघु सी लायब्ररीतील हाताळणी

प्रोग्रॅमने मागितलेले काम कर्नलला करता आले नाही, तर ते अपयश कोणत्या रूपात परत येते आणि सी लायब्ररी ते प्रोग्रॅमच्या हाती कसे देते, याची पद्धत. लिनक्समध्ये एक्स८६-६४ प्रोसेसरवर सिस्टीम कॉलचा क्रमांक आरएएक्स या रजिस्टरमध्ये ठेवतात आणि उत्तरही तिथेच येते. ‘परभणी’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १५ बाइटांचा होतो. राइट कॉलने तो पूर्ण लिहिला गेला, की आरएएक्समध्ये १५ ही संख्या मिळते. याउलट, एक्स्ट४ फाइलप्रणालीत फाइलनावाची मर्यादा २५५ बाइटांची असल्याने प्रत्येकी ३ बाइटांच्या ८६ देवनागरी चिन्हांचे नाव देऊन फाइल उघडू गेल्यास ओपनचे उत्तर -३६ येते. ३६ हा ‘नाव फार लांब’ या त्रुटीचा क्रमांक. यश आणि अपयश असे एकाच रजिस्टरमधून येत असल्याने त्यांच्यातली सीमा ओळखणे हे लायब्ररीचे काम ठरते. लायब्ररी कितीही लहान असली, तरी ही सीमा तिने एकाच ठिकाणी आणि कर्नलने आखून दिली आहे तशीच तपासावी, असे या व्यवहाराच्या इतिहासावरून दिसते.

सर्वांत सोपी तपासणी म्हणजे ‘उत्तर शून्यापेक्षा लहान असेल तर त्रुटी’. १९९१ सालच्या लिनक्स ०.०१ मधील मॅक्रो हेच करत असत. मात्र ३२ बिटांच्या यंत्रावर एममॅप कॉल मेमरीचा जो पत्ता देतो, तो बहुधा २ जीबीच्या वरचा असतो. चिन्हांकित पूर्णांक म्हणून वाचला, तर असा प्रत्येक पत्ता ऋण दिसतो आणि यशस्वी कॉल फसल्यासारखा वाटतो. पुढे एक्स८६ साठीच्या २.४ आवृत्तीत त्रुटींची हद्द -१ ते -१२४ अशी धरली गेली, आणि आज ती -१ ते -४०९५ अशी आहे. ४०९५ हा आकडा सोयीचा आहे : मेमरीचे पान ४०९६ बाइटांचे किंवा त्याच्या पटीत असते, एममॅपचा पत्ता पानाच्या सुरुवातीचाच असतो आणि या हद्दीत ४०९६ ने भाग जाणारी एकही संख्या पडत नाही. त्यामुळे पत्ता आणि त्रुटी यांची गल्लत होऊच शकत नाही. मसल या लघु सी लायब्ररीतील तपासणी याच आधारावर उभी आहे : उत्तर चिन्हरहित संख्या म्हणून घ्यायचे, ते -४०९६ च्या चिन्हरहित रूपापेक्षा मोठे असेल, तर त्याचे चिन्ह बदलून एर्नो या त्रुटी-क्रमांकाच्या चलात ठेवायचे आणि -१ परत करायचा; नसेल तर उत्तर जसेच्या तसे द्यायचे.

६४ बिटांच्या यंत्रावर प्रोग्रॅमचे पत्ते धनच असतात, मग शून्याशी तुलना का पुरू नये, असा आक्षेप घेतला जातो. एममॅपपुरता तो खरा आहे. पण प्रोक फाइलप्रणालीतील मेम फाइलमध्ये एलसीक कॉलने पत्त्याच्या वरच्या टोकाकडील जागा गाठली, तर यशस्वी उत्तरही चिन्हांकित रूपात ऋण येते. शिवाय दोन्ही तपासण्यांचा खर्च एका तुलनेचाच, त्यामुळे कच्ची तपासणी वापरून वाचत काहीच नाही. पॉवरपीसी आणि मिप्सवर तर त्रुटीची खूण वेगळ्याच बिटात किंवा रजिस्टरमध्ये येते आणि क्रमांक धन असतो. पीडीपी-११ वरील जुन्या युनिक्समध्येही कॅरी बिट हीच खूण होती. तो फरक असेंब्लीच्या दोन-तीन ओळींतच मिटवून उत्तर ऋण करून घेतले, की बाकीच्या लायब्ररीला प्रोसेसर कोणता हे माहीत असण्याची गरज उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : लायब्ररी लघुच ठेवायची, तर एर्नो हवाच कशाला? ऋण क्रमांक सरळ परत करावा. थ्रेडगणिक वेगळा एर्नो ठेवण्याची यातायात टळते आणि मधल्या दुसऱ्या कॉलने तो पुसला जाण्याची भीतीही राहत नाही. लायब्ररीच्या आतल्या कामात हेच योग्य आहे. लिनक्सच्या स्रोतसंचातील विली तारो यांच्या नोलिबसीमध्ये कच्चे उत्तर देणारी आणि एर्नो भरणारी अशी दोन प्रकारची फंक्शने वेगळी ठेवली असून एर्नो पूर्ण वगळण्याचीही सोय आहे. पण बाहेरचा सी प्रोग्रॅम पॉझिक्स मानकाच्या भरवशावर लिहिलेला असतो. ओपनचे उत्तर -१ आहे का, एवढेच तो पाहतो. फाइल नसल्याचा -२ त्याला यश वाटतो; तोच -२ तो रीडला देतो आणि -९, म्हणजे ‘फाइल क्रमांक चुकीचा’, हे उत्तर घेऊन बसतो. मूळ कारण तिथेच हरवते. म्हणून रूपांतर टाळायचे नाही. ते फक्त वेशीवर आणि एकदाच करायचे.

काही कॉल या साच्यात बसत नाहीत. गेटप्रायॉरिटीचे खरे उत्तर ऋण असू शकते, म्हणून कर्नल ते २० मधून वजा करून १ ते ४० या पल्ल्यात पाठवतो आणि लायब्ररीला उलट वजाबाकी करावी लागते. सिग्नलमुळे अडलेला कॉल (क्रमांक ४) लायब्ररीनेच पुन्हा करावा, ही सूचनाही मोहक असली तरी घातक आहे : वेळमर्यादेसाठी अलार्म लावलेला रीड मग कधीच सुटणार नाही. क्लोजच्या बाबतीत तर लिनक्स फाइल क्रमांक आधीच मोकळा करतो. पुन्हा क्लोज केल्यास तोवर तोच क्रमांक मिळालेली दुसऱ्या थ्रेडची फाइल बंद होऊ शकते. म्हणून मसल तिथे ४ ला यशच मानते. अपवाद असे मोजके असल्याने ते त्या-त्या फंक्शनात लिहिता येतात; सर्वसाधारण तपासणीत घुसडले, तर तीच नासते. आकार कमी करण्यासाठी त्रुटीसंदेशांचे तक्ते गाळता येतात, एका थ्रेडच्या प्रोग्रॅमसाठी एर्नो साधा जागतिक चल ठेवता येतो. ४०९५ ची हद्द मात्र कर्नलशी झालेल्या कराराचा भाग आहे, आणि ती सैल करण्याची मुभा लायब्ररीला नाही.