आईबापांना आधार आईबापांचाच

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. विषय मात्र मी स्वतः निवडला. डाउन सिंड्रोम असलेले मूल घरात जन्मले म्हणजे त्याच्या आईबापांच्या पाठीशी आजवर कोण उभे राहिले, हा तो विषय. आपल्यापैकी कितीतरी जणींची बाळंतपणे अमरावतीच्या डफरीनमध्ये नाहीतर अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये झाली. साधारण सात-आठशे बाळांत एक बाळ असे असते, आणि ते श्रीमंती, जात वा देश पाहून येत नाही. तेव्हा हा विषय परका मुळीच नव्हे.

१८६६ साली जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरने या मुलांचे प्रथम नीट वर्णन केले. डोळ्यांच्या ठेवणीवरून त्याने त्यांना मंगोल वंशाचे नाव चिकटवले व ते जवळजवळ शंभर वर्षे चालले. १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी त्यास हरकत घेतली, आणि १९६५ मध्ये खुद्द मंगोलिया देशाने जागतिक आरोग्य संघटनेकडे ते नाव सोडून देण्याची मागणी केली. आपल्याकडे निराळे नावच नव्हते. कोणी वेडसर म्हणे, कोणी देवाचे लेकरू म्हणे. कारण मात्र ठरलेले असे : ग्रहणात विळी हाती धरली असेल! म्हणजे दोष आईचा.

१९५९ साली पॅरिसमध्ये खरे कारण प्रसिद्ध झाले. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, या मुलांच्या पेशीत ४७; एकविसाव्या जोडीत एक अधिक. शोधाचे श्रेय झेरोम लेजेन यांना मिळाले, परंतु पेशी वाढवून पाहण्याची सारी सिद्धता मार्था गोतिए या डॉक्टरीणबाईंनी केली होती. त्या निबंधावर त्यांचे नाव छापले तेही चुकीचे! (भगिनींना याचे नवल वाटू नये.) ही जादा भर बहुधा गर्भ राहण्यापूर्वी, बीज तयार होतानाच पडते. मग पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाने आणि विळीने काय होणार? पस्तिशीनंतर हा संभव वाढतो हे खरे. तथापि बहुतेक बाळे तरुण आयांनाच होतात, म्हणून तरुण आयांच्या पोटीही अशी मुले पुष्कळ येतात.

आईबाप मात्र शास्त्राची वाट पाहत बसले नव्हते. मुंबईत होरमसजी व जय वकील या दांपत्याने आपल्या दीना या मुलीसाठी १९४४ सालीच स्वतःच्या घरी शाळा काढली. तिला डाउन सिंड्रोम होता. तीच पुढे जय वकील शाळा म्हणून नावारूपास आली. १९६० मध्ये शिकागोत के मॅकगी या बाईंना अशी मुलगी झाली. तिला संस्थेत ठेवून द्या, असा सल्ला मिळाला. त्यांनी मुलीला घरी नेले आणि अशाच दुसऱ्या आईबापांचा शोध घेऊन संघटना उभारली. १९७१ साली अमेरिकेतल्याच ओमाहा गावी फ्रॅन पोर्टर या आईच्या पुढाकाराने त्याहून साधी रीत निघाली : ज्यांनी ही वाट चालून पाहिली आहे त्यांना थोडे शिक्षण द्यावे, आणि त्यांनी नव्या आईबापांना जाऊन भेटावे. वाटाड्या पालक म्हणा हवे तर.

मला ही रीत सर्वांत मोलाची वाटते, कारण तिचा गुण मी आमच्याच घरी पाहिला. माझ्या भाचीला अकोल्यात एका खाजगी दवाखान्यात मुलगा झाला. डॉक्टरांनी जावयाला व्हरांड्यात घेऊन दोन वाक्यांत सांगितले आणि वर बजावले, बाळंतिणीला कळू देऊ नका. तिला चौथ्या दिवशी सासूच्या रडण्यावरून कळले. बारसे लांबणीवर पडले. शेजारणी येत, पण पाळण्याकडे न पाहता डिंकाच्या लाडवांवरच बोलून जात. मग कोणाच्या तरी ओळखीने मूर्तिजापूरच्या एक बाई आल्या. त्यांचा असाच मुलगा अकरा वर्षांचा होता. त्यांनी प्रथम विचारले, "काय नाव ठेवलं वो बाळाचं?" आणि बाळाला उचलून मांडीवर घेतले. या बाळांचे स्नायू सैल असतात, दूध ओढताना दमतात. म्हणून हनुवटीला बोटाचा आधार कसा द्यावा ते त्यांनी करून दाखवले. हृदयाचा एको लवकर करून घ्या, कारण जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, हेही सांगितले. थायरॉइड, कान, डोळे तपासावयाचे ते निराळेच. १९२९ च्या सुमारास इंग्लंडात या मुलांचे सरासरी आयुष्य नऊ वर्षांचे होते. आज पुढारलेल्या देशांत ते साठीच्या घरात गेले आहे. यात मोठा वाटा हृदयाच्या शस्त्रक्रियेचा आहे. पुढच्या आठवड्यात बारसे झाले.

आधार न मिळाल्यास काय होते, हेही याच जिल्ह्यात दिसते. अचलपूरजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग व मतिमंद मुलांना आपले आडनाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने वर्तमानपत्र दाखवले. त्या मुलांना टाकणारे हातही कोणाच्या तरी शेजारचेच होते, हे मात्र कोणी बोलले नाही.

सरकारनेही काही केले आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अशा मुलांसाठी 'निरामय' आरोग्य विमा निघाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे झाला, आणि त्याच्या यादीत डाउन सिंड्रोमचे नाव आहे. कागद मिळतात, ते घेऊन बरोबर जाणारे माणूस मिळत नाही.

आपले मंडळ वस्तीतल्या प्रत्येक नव्या बाळाला बाळंतविडा देते. त्या वहीत एक पान अशा पालकांच्या नावांचे असावे, ज्यांना हाक मारली तर ते दुसऱ्या दिवशी येतील. राजापेठेतील एक व बडनेऱ्याची एक, अशी दोन नावे माझ्याकडे आली आहेत. अकोल्याच्या भगिनींनी आपल्याकडील नावे गुढीपाडव्यापूर्वी चिटणीसबाईंकडे द्यावीत.