आवाज कुणाचा?

आमच्या जव्हारला विमानतळ नाही. रेल्वे नाही. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली तर एक-दोन दिवस एस.टी.सुद्धा नाही. पण आमच्या राजघराण्यात ‘पतंगशहा’ नावाचे राजे मात्र एक सोडून अनेक होऊन गेले. बाकीच्या संस्थानिकांनी बहादूर, सवाई, श्रीमंत असली जमिनीवरची विशेषणं लावून घेतली. आमच्यांनी थेट आभाळालाच हात घातला. आणि नाव अगदीच हवेतलं ठरलं नाही बरं का. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे 1927 साली गादीवर आले ते जेमतेम दहा वर्षांचे असताना, आणि पुढं दुसऱ्या महायुद्धात ते खरोखरच हवाई दलात अधिकारी झाले. नऊ तोफांच्या सलामीचं संस्थान, सगळा मुलूख डोंगराचा, प्रजा वारली-कोकणा-कोळी-ठाकूर, आणि राजा विमानदलात! 1948 साली संस्थान विलीन झालं, राजेसाहेब यथावकाश खासदार होऊन दिल्लीला गेले. जयविलास राजवाडा अजून उभा आहे. विमान मात्र आमच्याकडं उतरलं नाही ते नाहीच.

त्यामुळं विमान या विषयावर माझ्याकडून कुणी दोन ओळी मागेल असं मला वाटलं नव्हतं. पण आमचे भावोजी पार्ल्याला राहतात. पश्चिमेला, चौथ्या मजल्यावर. जागा घेतली तेव्हा त्यांनी सगळ्या नातेवाइकांना एकच गोष्ट सांगितली होती : “विमानतळ दहा मिनिटांवर!” त्या वेळेपर्यंत भावोजी विमानात एकदाही बसले नव्हते. पण दहा मिनिटांवर म्हणजे दहा मिनिटांवर. पुढं जसजशी वर्षं गेली तसतसा विमानतळ जवळजवळ येऊ लागला आणि हल्ली तो, भावोजींच्या म्हणण्याप्रमाणे, गच्चीवर आलेला आहे.

सोसायटीनं तक्रार-अर्ज करायचं ठरवलं. मसुदा भावोजींकडे. त्यांनी तो माझ्याकडे ढकलला.

“मास्तर, तुम्ही इतिहास शिकवलात ना इतकी वर्षं? मग पूर्वी इथं किती शांतता होती, आणि मग ही विमानं कशी आली, हे दोन परिच्छेदांत लिहून द्या. सनावळीसकट. सनावळी असली की सरकार घाबरतं.”

मी पुस्तकं काढून बसलो. शांतता होती, हे सापडलं. पण ती भावोजींच्या सोसायटीच्या कितीतरी आधी, 1928 साली संपली होती, हेही सापडलं.

त्या वर्षी जुहूला विमानं उतरू लागली. बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला तो तिथंच. देशातला पहिला नागरी विमानतळ म्हणून जुहूचं नाव घेतात, पण ‘विमानतळ’ हा शब्द ऐकून तुमच्या डोळ्यांपुढं जे काही येत असेल ते सगळं पुसून टाका. ताडाची झाडं, खाजण, वाळू आणि समुद्रावरचा वारा, एवढाच सरंजाम. जे. आर. डी. टाटा याच क्लबात विमान चालवायला शिकले आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना परवाना मिळाला. परवान्याचा क्रमांक एक! आपल्याकडं रेशनकार्डावरसुद्धा इतका छोटा आकडा कुणाला मिळालेला नाही.

15 ऑक्टोबर 1932 रोजी हेच जे. आर. डी. कराचीहून पस मॉथ नावाचं चिमुकलं विमान घेऊन निघाले. बरोबर टपालाची पोती, साधारण पंचवीस किलो. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरायचं होतं. ते पेट्रोल बैलगाडीतून आलं. हे चित्र मला फार आवडतं. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला विमान, आणि मधे पेट्रोलचे डबे. बैलांनी आवाजाबद्दल काय मत दिलं, त्याची नोंद नाही. दुपारी विमान जुहूला उतरलं, तिथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले, आणि हिंदुस्थानातली विमानसेवा सुरू झाली. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचे, म्हणून टाटांची मंडळी दरवर्षी बाडबिस्तरा आवरून पुण्याला जात आणि पाऊस सरला की परत येत. पेशव्यांनंतर पावसाळ्याला पुण्यात छावणी करणारे हेच.

मग युद्ध आलं. शेजारी सांताक्रूझला मोठा विमानतळ झाला आणि 1948 साली मोठी विमानं तिकडं गेली. जुहूला उरली शिकाऊ, हौशी, क्लबवाली मंडळी. धाकट्या भावाची गत. थोरला कर्तबगार निघाला की धाकट्याला घरात कुणी विचारत नाही, फक्त त्याच्या खोलीवर सगळ्यांचा डोळा असतो.

दोन भाऊ इतके शेजारी शेजारी की मोठमोठ्या जाणकारांची गफलत झाली. 1953 च्या जुलैत एका परदेशी कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. उतरलं ते उतरलं. पण आखूड धावपट्टीवरून ते पुन्हा उडवायला नऊ दिवस लागले. 1972 च्या सप्टेंबरात जपानच्या डीसी-8 विमानानं तेच केलं. ते धावपट्टी संपली तरी थांबलं नाही आणि पार निकामी झालं. नशिबानं माणसं वाचली. पार्ल्यात पत्ता चुकणारे आपण एकटेच नाही, एवढा दिलासा मला यातून मिळाला.

मधल्या काळात जुहूच्या ताडांच्या जागी बंगले आले, बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, आणि विमानतळाच्या भिंतीला लागून झोपड्या आल्या. आता तिथून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं पोचवतात. फ्लाइंग क्लबाला विमान शिकवायला धुळ्याला जावं लागलं. कारण डोक्यावर सांताक्रूझची जेट विमानं एकामागून एक, आणि त्यांच्या पोटाखाली शिकाऊ पोरानं गिरक्या घालायच्या म्हणजे एक्स्प्रेस हायवेवर सायकल शिकण्यासारखं. विमान शिकायचं म्हणजे काय? उडायचं, एक फेरी मारायची, उतरायचं. पुन्हा उडायचं, पुन्हा उतरायचं. व्यावसायिक परवान्याला असे दोनशे तास भरावे लागतात. ते भरायचे कुठं? तर जिथं कुणी राहत नाही तिथं. आणि जिथं कुणी राहत नाही तिथं धावपट्टी झाली की लोक राहायला येतात. वैमानिकांचं दुखणं हे आहे. धावपट्टी काही क्रिकेटची खेळपट्टी नव्हे, की इथली उचलून तिथं अंथरली. एकदा तिच्यावर इमारत आली की ती गेली ती गेलीच.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असंही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका गावचा विमानतळ घ्या. 1924 साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेली डग्लस कंपनीची विमानं तिथून उडाली. ज्या डाकोटा विमानांनी युद्धानंतर टाटांच्या कंपनीला पुन्हा पायावर उभं केलं, त्यांचा मूळ नमुना तिथलाच. कारखाना होता म्हणून कामगार आले, कामगार आले म्हणून घरं झाली. मग कारखाना गेला, घरं महाग झाली, आणि महाग घरांतल्या माणसांची झोप उडाली. तक्रारी, नियम, कज्जे. चाळीसेक वर्षं हेच. गावानं जेट विमानांना बंदी घातली, वैमानिक कोर्टात गेले, ती बंदी कोर्टानं उडवली पण आवाजाची मर्यादा राहू दिली. वैमानिकांचं म्हणणं एकच : आम्ही आधी आलो. अखेर 2017 साली गाव आणि केंद्र सरकार यांच्यात तडजोड झाली. धावपट्टी कापून साडेतीन हजार फुटांवर आणली आणि 2028 सालच्या 31 डिसेंबरनंतर विमानतळ बंद करायची गावाला मुभा मिळाली. वैमानिकांच्या संघटना त्याविरुद्धही भांडल्या. उपयोग झाला नाही.

हे सगळं मी भावोजींना लिहून पाठवलं. दोन परिच्छेदांऐवजी नऊ झाले. त्यांचा फोन आला.

“मास्तर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं लिहिलंय?”

आता खरं सांगायचं तर मी वैमानिकांच्या बाजूचा आहे. विमानतळ जवळ म्हणून जागा घ्यायची, आणि जवळ आहे म्हणून तक्रार करायची, हे मला पटत नाही. लग्नाच्या हॉलच्या वर राहायला जायचं आणि सनईला नावं ठेवायची, त्यातलाच प्रकार. पण ताईकडं मी चार दिवस राहिलो, तेव्हा रात्री तीनला पलंगासकट हादरलो, हेही खरं. रक्तदाबाची गोळी घेऊन झोपलेल्या बाईला ‘आम्ही 1928 साली आलो’ हे सांगून झोप लागत नाही. त्या काळचं पस मॉथ आणि आजचं जेट यांचा आवाज एकाच तराजूत घालता यायचा नाही. 2018 साली केंद्र सरकारनं विमानतळांसाठी दिवसाची वेगळी आणि रात्रीची वेगळी अशी आवाजाची मर्यादा ठरवून दिली, ती उगीच नाही. आणि भिंतीलगत जे राहतात ते काही ‘दहा मिनिटांवर’ची जाहिरात वाचून आलेले नाहीत. त्यांना तेवढीच जागा मिळाली. गंमत म्हणजे अर्ज करतात ते चौथ्या मजल्यावरचे.

एवढं लिहून मी हा विषय मिटवला असता. पण हल्ली आमच्याच जिल्ह्यात तो येऊ घातलाय. 2014 साली ठाण्यातून फुटून आमचा पालघर जिल्हा झाला, आणि आता वाढवण बंदराच्या जवळपास मुंबईचा तिसरा विमानतळ करायची घोषणा झाली आहे. घोषणा झाल्याबरोबर पहिला फोन कुणाचा आला असेल? भावोजींचा.

“मास्तर, तिकडं प्लॉट बघा एखादा. आत्ताच. विमानतळ दहा मिनिटांवर पाहिजे!”

मी म्हटलं, “भावोजी, अर्जाचा मसुदा तयारच आहे. फक्त गावाचं नाव बदलू.”

ते हसले नाहीत.

किनाऱ्यावरचे बागायतदार आणि मच्छीमार, जे या सगळ्यांच्या आधी आले, ते बंदराविरुद्ध कितीतरी वर्षं भांडताहेत. ‘आम्ही आधी आलो’ हे वाक्य त्यांच्याही तोंडी आहे. जुहूच्या वैमानिकानं म्हटलं की ते वाक्य मला लगेच पटतं. वाढवणच्या कोळ्यानं म्हटलं की आपण सगळे विकासाचा हिशेब मांडायला बसतो. भावोजींच्या गणितात तर त्यांचा आकडाच नाही. प्लॉट ज्यांचा घ्यायचा ते हेच, एवढाच त्यांचा उल्लेख.

आणि आमचं जव्हार-मोखाडा? तिथं आवाजाची तक्रार म्हणाल तर अजिबात नाही. डोक्यावरून विमानं जातात, पण इतक्या उंचावरून की रात्री अंगणात बसलं तर आधी दिवा दिसतो आणि घरघर मागाहून येते. लहान पोरं हात हलवतात. सूर्यमाळला, खोडाळ्याला अशी शांतता आहे की पार्ल्यातला माणूस तिच्यासाठी पैसे मोजील. पण त्या शांततेचं कारण असं, की तिथं येणारंच काही नाही. मध्य वैतरणेचं धरण मोखाड्यात आणि पाणी मुंबईत. कुठल्या कुठल्या पाड्यांना अजून धड रस्ता नाही. आजारी माणूस किंवा अडलेली बाई असली की काठीला झोळी बांधून, चौघांनी खांदा देऊन डांबरी रस्त्यापर्यंत आणायची. मोखाड्यातल्या अशा एका पाड्यावरची जुळी बाळं 2022 च्या पावसाळ्यात गेली, तेव्हा पेपरांत फोटो आले. त्याआधी 1992 साली वावर-वांगणीची पोरं उपासमारीनं गेली, तेव्हाही आले होते. अशा वेळी मंत्री येतात. त्यांचा तो आवाज तेवढा आम्ही जवळून ऐकतो.

जव्हारच्या सरकारी दवाखान्याचं नाव अजूनही पतंगशहा कुटीर रुग्णालय असंच आहे. झोळीतला माणूस रस्त्यावर आला, गाडी मिळाली, तर तो पोचतो या पतंगशहांकडं. आणि आमच्या जव्हारचं विमान म्हणाल तर तेही एकदा उडालं. 2021 च्या डिसेंबरात, करोनाच्या लसी घेऊन एक ड्रोन जव्हारहून झाप गावाला गेलं. तीनशे लसी. वीसेक किलोमीटरचं अंतर. गाडीनं पाऊण तास लागणारी वाट त्यानं नऊ-दहा मिनिटांत कापली. धावपट्टी नाही, ताडाची झाडं नाहीत, पेट्रोलची बैलगाडीसुद्धा नाही. चार पंख्यांची भुणभुण तेवढी.

भावोजींना मी हे फोनवर सांगत होतो. “किती आवाज करतं हो ते?” असं त्यांनी विचारलं, एवढं मला ऐकू आलं. मग त्यांच्या गच्चीवरून एक विमान गेलं, आणि ते जाईपर्यंत आम्ही दोघंही फोन धरून थांबलो.