सूतिकागृहातील ध्वनी आणि परिचारिकेचा कान

श्रमजन्य बहिरेपणाचा इतिहास सामान्यतः तांबट, लोहार आणि बॉयलर घडविणारे कारागीर यांचा म्हणून सांगितला जातो. रुग्णालयातील शांततेचा इतिहास वेगळा लिहिला जातो व त्याच्या केंद्रस्थानी रुग्ण असतो. या दोन इतिहासांच्या मध्ये प्रसूतिकक्षात राबणाऱ्या सुइणीचा व परिचारिकेचा कान वगळला गेला. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. व्हेनिसमधील तांबट अखंड ठोक्यांमुळे बहिरे होतात, असे त्याने त्यात नोंदविले. त्याच ग्रंथात सुइणींवरही प्रकरण आहे. परंतु तेथे त्याचे लक्ष प्रसूतिस्रावांमुळे हातांना जडणाऱ्या विकारांकडे आहे. एकाच ग्रंथकाराने तांबटाचा कान पाहिला आणि सुइणीचा हात पाहिला. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात आवाजावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. कुजबूज व वस्त्रांची सळसळही रुग्णास पीडा देते, हे त्यांनी बजावले. येथे परिचारिका ही आवाज करणारी आहे, सोसणारी नव्हे. ग्लासगोचे टॉमस बार यांनी १८८६ मध्ये शंभर बॉयलर-कारागिरांच्या श्रवणाची ओतारी व टपाल वाटणारे यांच्याशी तुलना केली. श्रवणहानीच्या मोजणीस त्यामुळे शास्त्रीय रूप आले, पण ती कारखान्याच्या वाटेने.

या वगळणुकीस भाषेचाही हातभार आहे. ‘गोंगाट’, ‘गलका’, ‘कलकलाट’ या शब्दांत नापसंती गृहीतच असते. अर्भकाने फोडलेला पहिला टाहो यांपैकी कशातच मोडत नाही. त्याची तर सारे वाट पाहतात. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुणांकन-पद्धतीत श्वसनाच्या निकषावर जोमाने रडणाऱ्या अर्भकास पूर्ण दोन गुण मिळतात. वेणा देणाऱ्या स्त्रीच्या आक्रोशास गोंगाट म्हणणे तर निष्ठुरपणाचेच ठरेल. अंतःकर्णातील केशपेशींना मात्र हा अर्थभेद कळत नाही. त्यांच्यापुढे प्रश्न असतो तो केवळ तीव्रतेचा आणि कालावधीचा.

हानी होते ती कोणती, हेही पाहिले पाहिजे. ध्वनिजन्य श्रवणहानी प्रायः ४,००० हर्ट्झच्या आसपास प्रथम दिसते. स्वरांची मुख्य शक्ती त्याहून खालच्या पट्ट्यात असल्यामुळे बोलणे ऐकू येते, पण व्यंजने निसटतात. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतील भेद मुख्यतः अखेरच्या व्यंजनावर उभा आहे. औषधाची मात्रा जेथे तोंडी सांगितली जाते, तेथे हा भेद केवळ ध्वनिविचाराचा राहत नाही.

कायद्याची दृष्टी सावकाश बदलली. भारतात कारखाना अधिनियमाच्या अधिसूचनीय रोगांत ध्वनिजन्य श्रवणहानी आली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयाभोवतीचे शंभर मीटरांचे क्षेत्र शांततेचे मानले. पहिली तरतूद कारखान्यापुरती होती. दुसरीचा रोख बाहेरून येणाऱ्या आवाजावर. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशाने मात्र कारखान्याऐवजी कामगार हे एकक धरले आणि आठ तासांच्या संपर्कासाठी ८० डेसिबल ही कृतीची पहिली पातळी ठरविली. पुढे स्वीडनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत प्रसूतिकक्षातील कर्मचाऱ्यांच्या ध्वनिसंपर्काचा कर्णनाद व श्रवणथकवा यांच्याशी संबंध आढळला.

प्रसूत होणाऱ्या स्त्रीस गप्प करावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. कानात बोळे घालून परिचारिकेस तिची हाक ऐकता येणार नाही, हीही खरी अडचण आहे. परंतु ध्वनी शोषणाऱ्या भिंती, पाळ्यांची योग्य वाटणी आणि ठराविक काळाने श्रवणतपासणी यांस कोणाचाच प्रत्यवाय नसावा. आवाज मंगल असला म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही, एवढे मान्य झाले तरी तांबटास जो न्याय तीन शतकांपूर्वी मिळाला, तो सुइणीसही मिळू शकेल.